मोहरीची उशी

"आजपासून या तालुक्यात एकही मूल मरणार नाही," सभापती आबासाहेब म्हणाले, आणि माइक चालू असतानाच मागे वळून त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "मूल म्हणजे किती वर्षांपर्यंतचं धरायचं?"

"एक," डॉक्टर इनामदार पुटपुटले.

"एक वर्षापर्यंतचं," आबासाहेबांनी घोषणेत दुरुस्ती केली. टाळ्या पडल्या. एक वर्ष आणि एक दिवसाच्या मुलांनी आपापलं बघून घ्यावं, असं बहुधा ठरलं.

ही अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा नांदवडीच्या उपकेंद्रात नर्स होते. लोक मला बनसोडेबाई म्हणत. अजूनही म्हणतात, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी भाजी घेताना कुणीतरी पोराचा सदरा वर करून मला पुरळ दाखवतं.

माझी एक खोड आहे. मला राग आला की माझा आवाज बारीक होतो, गोड होतो. खात्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी कुणाला "साहेब, आपण म्हणाल तसं" असं म्हटलं की शिपाई दार लावून घ्यायचा. त्या दिवशी सकाळपासून माझ्या आवाजाला मुंग्या लागायच्या बाकी होत्या.

कारणं पुष्कळ होती. मेळाव्याचं नाव होतं 'नवमाता-नवपिता मेळावा'. नवमाता हॉलमध्ये मांडीवर पोरं घेऊन घामानं निथळत बसल्या होत्या. नवपिते बाहेर रसवंतीवर होते. लहान बाळं झोपेतल्या झोपेत दगावतात, ती कमी कशी दगावतील, हे आईबापांना समजावून सांगायचं म्हणून हा मेळावा होता. त्यासाठी दोन महिन्यांपूर्वी जिल्ह्याला आमचं तीन दिवसांचं ट्रेनिंग झालं होतं. त्या ट्रेनिंगमध्ये मी एकच प्रश्न विचारला होता. तो काय, ते पुढे सांगते.

"बाई, तुम्हाला सात मिनिटं," डॉक्टर म्हणाले. "नारळ फुटल्यावर, वाटपाच्या आधी."

"काय बोलू, सर?"

"ट्रेनिंगला सांगितलं तेच. बाळ पाठीवर झोपवा, तोंडावरून पांघरूण नको, फार गुंडाळू नका, खोलीत विडी-सिगारेट नको, अंगावरचं दूध पाजा. उशीचं तेवढं टाळा."

"उशीचंच तर मुख्य आहे, सर."

"मागं बघा."

मी मागं बघितलं. स्टेजच्या भिंतीला लागून साठ प्लॅस्टिकच्या पिशव्या रचल्या होत्या. आमच्याकडे बाळंतिणीला माहेरून बाळाची अंगडी-टोपडी, दुपटी, अंथरूण येतं, त्याला बाळंतविडा म्हणतात. यंदा खात्यानं सगळ्या बाळंतिणींचं माहेर व्हायचं ठरवलं होतं. प्रत्येक पिशवीत एक फुगीर गादी, एक उशी, दोन छोटे लोड आणि उसाएवढा उंच माणूस झाकला जाईल इतकी लांब, जाड रजई. एप्रिल महिना होता. हे सगळं आबासाहेबांच्या मेहुण्याच्या गादी कारखान्यातून आलं होतं आणि मेहुणे पहिल्या रांगेत फेटा बांधून बसले होते.

"म्हणजे सर, मी आधी सांगायचं, बाळाजवळ हे ठेवलं तर ते गुदमरू शकतं. आणि मग आपण ते वाटायचं."

"बाई, चिडल्यावर तुम्ही फार छान बोलता," डॉक्टर म्हणाले. "आज साधंच बोला."

"सर, आपण म्हणाल तसं," मी म्हणाले. डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं, पण स्टेजला दार नव्हतं.

तिसऱ्या रांगेत हौसाक्का बसली होती. नांदवडीची, घरची बरी, जिभेची तिखट. तिच्या मांडीवर अडीच महिन्यांचा नातू होता. सून जयमाला एक खुर्ची सोडून बसली होती, दुसऱ्याच्या लग्नाला आल्यासारखी.

मी खाली उतरून गेले. "जयमाला, बाळ बरं आहे ना?"

"बरं हाय," हौसाक्का म्हणाली. "ह्याला म्या माज्यापाशीच ठेवते. ती दूध पाजती. ढेकर म्या काढते."

जयमाला छताच्या पंख्याकडे बघत होती. पंखा बंद होता.

"झोपतो कसा?"

"पालथा. पोट दाबून ऱ्हातंय, दचकत न्हाई. पाळण्यात घातला की गपगार."

"अक्का, पालथा नको घालू. उताणा झोपव."

"उताणा ठिवला की दूध नरड्यात येतंय. पयल्याचं काय झालं, ठावं हाय न्हवं तुमास्नी?"

मला ठाऊक होतं. जयमालाचा पहिला मुलगा पावणेतीन महिन्यांचा होऊन गेला. तीन वर्षं झाली होती. सकाळी अकराला दूध पिऊन पाळण्यात झोपला, जयमाला भाकरी टाकायला गेली, आणि परत येऊन बघते तो गार पडलेला. मी पळत गेले तेव्हा अर्धी गल्ली दारात उभी होती. जमलेल्यांपैकी कुणीतरी तिला विचारलं, "दूध पाजल्यावर ढेकर काढली होतीस का गं?" ती म्हणाली, "आठवत न्हाई." झालं. दूध छातीत अडकलं, आईनं निष्काळजीपणा केला, पोर गेलं. डॉक्टरांनी कागदावर कारण समजत नाही असं लिहिलं. गावानं कागद वाचला नाही, कारण गावाला कारण समजलं होतं. पुढली तीन वर्षं त्या घरात जयमालाला म्हशीची धार काढू देत, विहिरीवर जाऊ देत, पण दुसऱ्याचं पोर कडेवर घेऊ देत नसत. आता स्वतःचंही पाजण्यापुरतंच मिळत होतं.

"अक्का," मी म्हणाले, "उताण्या बाळाच्या तोंडात दूध आलं तर ते गिळतं नाहीतर खोकून टाकतं. पालथ्यालाच जास्त धोका."

"बाई, म्या पाच वाढीवल्यात. समदी पालथी."

"आणि?"

"आनि काय? चार जगली की."

हौसाक्कानं हे फार समाधानानं सांगितलं. तेवढ्यात नारळ फुटला.

स्टेजवर मधोमध एक पाळणा टांगला होता. मेहुण्यांनी स्वखुशीनं सजवलेला. वर झालर, खाली झालर, आत गादी, उशी, लोड, रजई, चार खुळखुळे, कापडी हत्ती आणि या सगळ्यात कुठेतरी एक प्लॅस्टिकची बाहुली. मी माइक हातात घेतला आणि अतिशय गोड आवाजात म्हणाले, "बाहेर रस पीत असलेल्या नवपित्यांना नम्र विनंती. ज्यांच्या घरात बाळाच्या खोलीत विडी ओढली जाते, त्यांनी ग्लास संपवून आत यावं. ज्यांच्या घरात ओढली जात नाही, त्यांनी अर्धा ग्लास टाकून यावं."

सतरा-अठराजण आले. भिंतीला टेकून उभे राहिले. कुणी कोणता ग्लास सोडला होता ते मी विचारलं नाही.

"या पाळण्यात बाळ आहे," मी बायांना म्हणाले. "दिसतंय का कुणाला?"

बाया हसल्या.

"मलाही दिसत नाही. बाळालाही काही दिसत नसेल. आपण शोधू."

मी एकेक वस्तू काढायला लागले. आधी रजई. "ही नको. अंगावर हलकं दुपटं, छातीपर्यंत, तोंडावर कधीच नाही." रजई मी घडी न घालता आबासाहेबांच्या खुर्चीशेजारी ठेवली. मग लोड. "हे नकोत. बाळ लोळत जाऊन नाक यात खुपसतं, आणि त्याला मान वळवता येत नाही." खुळखुळे. हत्ती. मग मऊ गादी. "खालचं अंथरूण घट्ट हवं. हात दाबला तर खड्डा पडता कामा नये." आबासाहेबांच्या गुडघ्यापर्यंत ढीग आला. त्यांनी पाय वर घेतले.

"बाई," ते अखेर म्हणाले, "मग पाळण्यात ठेवायचं तरी काय?"

"बाळ, साहेब."

हॉल खळाळून हसला. मेहुणे फेटा सावरू लागले. मी बाहुली काढली, पाठीवर निजवली, आणि शेवटची वस्तू उचलली. कारखान्याची उशी, रेशमी, गुलाबी. "ही तर अजिबातच नको. वर्षाच्या आतल्या बाळाला उशी लागत नाही."

डॉक्टर खोकले. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी फार बरं वाटलं. मी खात्यावर, कारखान्यावर, रसवंतीवर, सगळ्यांवर एकदाच चिडून घेतलं होतं आणि लोक हसत होते. मी खुर्चीकडे वळले.

"बाई," तिसऱ्या रांगेतून हौसाक्का बाळ खांद्यावर टाकून उभी राहिली. "असल्या कापसाच्या उशा नसतील चांगल्या. पर तुमची चालती की."

तिनं पिशवीतून काहीतरी काढून वर धरलं. हातभरही नाही एवढी उशी. जुन्या लुगड्याच्या कापडाची, धुऊन धुऊन पांढुरकी झालेली. कोपऱ्यात हिरवा राघू भरलेला.

तो राघू मी भरला होता.

आमच्या आईनं मला शिकवलेली ती गोष्ट. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी. मोहरी डोक्याच्या आकारानं हलते, डोकं एका बाजूला चपटं होत नाही. माझ्या हातून बाळंत झालेल्या प्रत्येक पहिलटकरणीला मी अशी उशी शिवून द्यायची. नोकरीत दुसरं कुणी करत नव्हतं. सात गावांत गोल डोक्याचं पोर दिसलं की लोक म्हणायचे, हे बनसोडेबाईंच्या उशीवरचं. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि दोन दिवस खुशीत असायची.

"आमच्या घरात जपून ठिवलीय," हौसाक्का सगळ्यांना सांगत होती. "पयल्याची हुती. आता ह्याला घेतो. कुटंबी गेलं तरी संगं असती. नर्सबाईच्या हातची हाय, वाईट कशी असंल?"

आबासाहेब उभे राहिले. तालुक्याचं राजकारण त्यांना उगीच जमलं नव्हतं. "म्हणजे," ते माइकशिवायच गरजले, "उशी चांगल्या हातची असली तर हरकत नाही, असं बाईंचं म्हणणं आहे." टाळ्या पडल्या. मेहुण्यांच्या सगळ्यात जोरात. डॉक्टरांनी मला डोळ्यांनीच सांगितलं, बसा.

ट्रेनिंगमध्ये मी विचारलेला एकच प्रश्न असा होता: "मोहरीची असेल तर?" शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, उशी म्हणजे उशी." मी वहीत तेवढंच लिहिलं. त्यानंतरचे दोन महिने मी नांदवडीत वरच्या आळीनं जात होते. हौसाक्काचं घर खालच्या आळीत आहे.

मी बसले असते तर काहीच बिघडलं नसतं. म्हणजे स्टेजवर काही बिघडलं नसतं.

"ही उशीही नको," मी म्हणाले. आवाज बारीक निघेना. फाटका, जाड निघाला, कुणा दुसऱ्याच बाईचा असावा तसा. "हीच नको."

"म्हंजी?" हौसाक्का म्हणाली.

"मी शिवली, मी दिली. चुकलं माझं. काढून टाका. आज घरी गेल्यावर नाही, आत्ता."

टाळ्यांचा शेवटचा हात थांबला. हौसाक्का उशी तशीच वर धरून उभी होती. मग तिच्या बाजूला, एक खुर्ची सोडून, जयमाला उभी राहिली.

"बाई, पयल्याच्या पाळण्यात हीच हुती."

"हो."

"पालथा हुता त्यो. समदी घालत्यात तसा म्या बी घातलेला. तोंड हिच्यात हुतं."

"हो."

"मग ढेकरीचं काय?"

मघाशी मी म्हणाले की त्या दिवशी जमलेल्यांपैकी कुणीतरी तिला ढेकरीचं विचारलं. ते कुणीतरी म्हणजे मी.

"जयमाला, तो कशानं गेला ते मला सांगता येणार नाही," मी म्हणाले. "डॉक्टरांनाही येणार नाही. सगळं नीट केलं, पाळणा रिकामा ठेवला, उताणं झोपवलं, तरी एखादं बाळ जातं. पण पुष्कळ कमी जातात. पालथं आणि उशीवर असलं की जास्त जातात. ढेकर काढली नाही म्हणून तो गेला, असं कुठल्याही पुस्तकात नाही. त्या दिवशी मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. नर्सला कळत नाही हे गल्लीला दिसू नये म्हणून मी तुला काहीतरी विचारलं."

कुणाचं तरी पोर रडायला लागलं आणि त्याच्या आईनं घाईघाईनं ते पदराखाली घेतलं.

"तीन वरसं," जयमाला म्हणाली.

"हो."

"आनि हे तुमास्नी आज कळलं?"

इथेही मला एक सोपा शब्द मिळत होता. "दोन महिन्यांपूर्वी," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचा हिशेब व्हायला वेळ लागला नाही. पोरगं अडीच महिन्यांचं होतं.

"दोन म्हैनं ह्यो त्याच उशीवर निजतुया, बाई."

मी माइक खाली ठेवला.

जयमालानं सासूच्या खांद्यावरून बाळ उचललं. मागितलं नाही, उचललं. हौसाक्काचा रिकामा हात तसाच वाकलेला राहिला. जयमाला रांगेतून बाहेर आली, नवपित्यांच्या मधून वाट काढत स्टेजच्या पायऱ्या चढली. आबासाहेबांनी सवयीनं नमस्कार केला. तिनं पाळण्यातली बाहुली काढून ढिगावर टाकली आणि आपलं पोर तिथं ठेवलं. पाठीवर. एक टोपडं होतं, तेही काढलं. पोरानं दचकून दोन्ही हात वर फेकले, हवेत काहीतरी धरायला बघितलं. हॉल बघत होता. हात हळूहळू खाली आले. तो झोपला नाही, डोळे उघडे ठेवून झालरीकडे बघत राहिला. जयमालानं झालर ओरबाडून काढली.

मी पुढे झाले तशी ती न बघताच म्हणाली, "तुमच्याकडं बगावं वाटत न्हाई मला. तितं हुबं ऱ्हावा."

मी तिथं उभी राहिले.

वाटप झालं. ते कशासाठीही थांबत नसतं. आबासाहेबांनी साठ पिशव्या दिल्या, साठ फोटो काढून घेतले. बाया रांगेनं येऊन घेऊन गेल्या. एक म्हणाली, "उशी सासऱ्याला हुईल." दुसरी म्हणाली, "लोड म्हशीच्या मानंला." मेहुण्यांना दोन्ही ऐकू गेलं असावं. नवपित्यांपैकी एकजण, जयमालाचा नवरा सुदाम, पिशवी न घेता पाळण्यापाशी जाऊन उभा राहिला. हातात अजून रसाचा रिकामा ग्लास होता. बायको त्याच्याशी बोलली नाही, पण जा असंही म्हणाली नाही.

"सात मिनिटांची पंचवीस केलीत," डॉक्टर माझ्या कानाशी म्हणाले. "आणि हे उशीचं लेखी मागतील."

"लिहून देते, सर," मी म्हणाले. आवाज अजून जागेवर आला नव्हता. पुढं मला खुलासा मागणारं पत्र आलं, मी दोन पानं लिहून दिली, आणि त्या दोन पानांनंतर सात गावांत घरोघर फिरून मी एकेचाळीस उशा परत गोळा केल्या. काहींनी दिल्या, काहींनी दाराआडून नाही म्हटलं. दोन घरांत मला पाणीही विचारलं नाही, आणि ते बरोबर होतं.

पण हे नंतरचं. त्या दिवशी हॉल रिकामा झाला, मांडववाला खुर्च्या एकात एक घालायला लागला, तरी हौसाक्का तिसऱ्या रांगेतच बसून होती. मग उठली. हातात उशी. स्टेजच्या कडेला येऊन माझ्यापुढे उभी राहिली. मला वाटलं, आता ही तोंडावर मारणार. तिनं मारली असती तर मी मान वळवली नसती.

ती पाळण्याकडे बघत होती. पोर आता झोपलं होतं, उताणं, तोंड उघडं टाकून, हात दोन्ही बाजूंना पसरून. जयमाला त्याच्यावर वाकून श्वास मोजत होती, ओठ हलवत.

"बाई," हौसाक्का म्हणाली, "तुमच्या पिशवीत कातर असंल न्हवं?"

"आहे."

"ही उसवा जरा. मूठभर मोहरी द्या मला. दिष्ट काढायची हाय."

"बाळाची?"

"सुनंची. समदा तालुका बगून गेला तिला." तिनं पदराची खोळ करून पुढं धरली. "मूठभरच द्या. मीठ हाय घरात."